आजी ओळखतात, पण काल विसरतात : एकटी चेतापेशी आठवण कशी नोंदवते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याच्या ऐंशी ओलांडलेल्या आजी नातवाला पाहताक्षणी ओळखतात, त्याच्या लहानपणीच्या खोड्या रंगवून सांगतात. मात्र तो कालही येऊन गेला होता, हे त्यांना आज आठवत नाही. एकेका माणसासाठी मेंदूत एकेक पेशी असते असे प्रश्नकर्त्याच्या वाचनात आले आहे. ‘मग माझी पेशी शाबूत आहे आणि कालच्या भेटीची पेशी मेली, असे समजायचे का? एकटी चेतापेशी आठवण नोंदवते तरी कशी?’ असे त्यांनी विचारले आहे.

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. गेली बावीस वर्षे प्रामुख्याने अपस्माराच्या, म्हणजे फिट्स येणाऱ्या रुग्णांवर उपचार करतो, आणि त्याआधी दोन वर्षे परदेशातील एका केंद्रात माणसाच्या मेंदूतील एकेका पेशीची विद्युत नोंद घेण्याचे काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगायचे तर हा एक प्रश्न नसून त्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. पेशी कशाला प्रतिसाद देते, हा पहिला. कालपर्यंत परस्परांशी संबंध नसलेल्या दोन गोष्टींची सांगड ती आज कशी घालते, हा दुसरा. आणि ती सांगड रात्रभर, वर्षभर, जन्मभर टिकते कुठे, हा तिसरा. पहिल्याविषयी माणसांमध्येच मिळालेला थेट पुरावा आपल्याकडे आहे, दुसऱ्याविषयी थोडा पण भक्कम आहे, आणि तिसऱ्यासाठी आपण अजूनही बव्हंशी उंदीर, ससे आणि समुद्री गोगलगायी यांच्यावरील प्रयोगांवर अवलंबून आहोत. वर्तमानपत्री लेखांत हे तिन्ही एकत्र कालवले जातात आणि मग ‘एक माणूस, एक पेशी’ असे चटपटीत वाक्य तयार होते.

जिवंत, बोलत्या-चालत्या माणसाच्या मेंदूतील एका पेशीचे आपल्याला ऐकू तरी कसे येते, येथून सुरुवात करतो. ज्या रुग्णांच्या फिट्स औषधांनी थांबत नाहीत आणि एमआरआयवरूनही त्यांचा उगम ठरत नाही, अशा काहींच्या मेंदूत शस्त्रक्रियेपूर्वी बारीक इलेक्ट्रोड घालून आठवडा-दोन आठवडे नोंद घ्यावी लागते. ते कुठे घालायचे हे केवळ उपचाराच्या गरजेवर ठरते. सुदैवाने म्हणा वा दुर्दैवाने, फिट्सचा उगम बरेचदा कानशिलामागच्या टेम्पोरल लोबच्या आतल्या बाजूस, म्हणजे हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या भागांत असतो, आणि नव्या आठवणींचे कामही नेमके तेथेच चालते. लॉस एंजेलिसमधील न्यूरोसर्जन इत्झाक फ्रीड यांच्या गटाने अशा इलेक्ट्रोडच्या पोकळ गाभ्यातून सुमारे ४० मायक्रोमीटर जाडीच्या, केसाहून बारीक तारांचा झुबका बाहेर काढण्याची पद्धत रूढ केली. कुंचल्याच्या केसांसारख्या पसरलेल्या त्या तारांच्या टोकाजवळ एखादी पेशी आली, तर तिचा प्रत्येक विद्युत स्पंद स्वतंत्रपणे टिपता येतो.

ती नोंद ध्वनिवर्धकाला जोडली की प्रत्येक स्पंद ‘टक्’ असा ऐकू येतो. हिप्पोकॅम्पसमधील पेशी एरवी फार बोलत नाहीत. फोडणीचे तेल नुकते तापू लागल्यावर एखादीच मोहरी तडतडावी, तसा सेकंदाला एखाददुसरा आवाज, तोही नेमाने नाही. मग पडद्यावर एक विशिष्ट चित्र येते आणि सगळी मोहरी एकदम फुटू लागते. पहिल्यांदा ते ऐकले तेव्हा मी चित्राकडे पाहायचेच विसरलो होतो. अर्थात अशा क्षणांपेक्षा कटकटीच जास्त: स्पंदाची उंची व्होल्टच्या काही लाखांश भागांएवढी असते, आणि रुग्णाच्या नातेवाइकाने खाटेशेजारी मोबाइलचा चार्जर लावला की सगळी नोंद घरघरीत बुडून जाते. पहिल्याच महिन्यात यंत्र बिघडले असे समजून मी तासभर तारा तपासत बसलो होतो.

या पद्धतीने झालेला सर्वांत गाजलेला अभ्यास २००५ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रॉड्रिगो कियान किरोगा, लैला रेड्डी, गॅब्रिएल क्राइमन, क्रिस्टोफ कॉख आणि इत्झाक फ्रीड यांनी आठ रुग्णांना सकाळी शंभराच्या आसपास चित्रे दाखवली. प्रत्येक चित्र एक सेकंद, आणि असे सहा वेळा, क्रम उलटसुलट करून. कोणती पेशी कशाला ‘बोलली’ हे पाहून संध्याकाळी त्याच गोष्टीची निरनिराळी रूपे दाखवली. एका रुग्णाच्या मेंदूतील एक पेशी अभिनेत्री जेनिफर ॲनिस्टन हिच्या वेगवेगळ्या छायाचित्रांना प्रतिसाद देत होती, इतर नट-नट्यांना, इमारतींना किंवा प्राण्यांना नाही. दुसऱ्या एका रुग्णाची पेशी अभिनेत्री हॅली बेरी हिच्या छायाचित्रांना, तिच्या रेखाचित्राला आणि पडद्यावर नुसत्या अक्षरांत लिहिलेल्या तिच्या नावालाही तसाच प्रतिसाद देत होती. छायाचित्र आणि अक्षरे यांच्यात डोळ्यांना दिसणारे साम्य काहीच नसते. म्हणजे ही पेशी नाक, डोळे, केस यांना नव्हे, तर ‘ती व्यक्ती’ या कल्पनेला उत्तर देत होती. म्हणून अशा पेशींना संकल्पना पेशी म्हणतात.

गंमत अशी, की अशा काल्पनिक पेशीला प्रत्यक्ष पुरावा मिळण्याच्या कितीतरी आधी ‘आजी पेशी’ हे नाव पडले होते. एमआयटीमधील जेरी लेटविन यांनी १९६९च्या सुमारास वर्गात ते थट्टेने वापरले: तुमच्या आजीला ओळखणारी एकच पेशी असेल आणि तिचाच काटा काढला, तर आजी तुमच्या विश्वातून नाहीशी होईल का? प्रश्नकर्त्यांनी नकळत तोच प्रश्न, फक्त आजीच्या बाजूने, विचारला आहे.

त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्यामागचा तर्क साधा आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि टेम्पोरल लोबच्या या आतल्या भागात अंदाजे एक अब्ज. आपण काही डझन तारा घालतो, मूठभर पेशी ऐकतो, शंभर चित्रे दाखवतो आणि एका दिवसात संकल्पना पेशी सापडते. एका व्यक्तीसाठी खरोखर एकच पेशी असती, तर ती आपल्या तारेच्या टोकाशी, नेमके तेच चित्र दाखवले जात असताना सापडण्याची शक्यता जवळपास शून्य होती. याच तर्काने २००६ साली गणित मांडले गेले: एखाद्या गोष्टीला या भागातील एक टक्क्याहूनही कमी पेशी प्रतिसाद देतात, पण एक अब्जाचा एवढासा अंशही लाखांत जातो, आणि उलट बाजूने, एकेक पेशी पन्नास ते दीडशे वेगवेगळ्या गोष्टींत सहभागी असावी. गावातील एखादा माणूस जसा भजनी मंडळातही असतो, भिशीतही असतो आणि पाणीपुरवठा समितीतही असतो, तसे हे आहे. तो आजारी पडला म्हणून भजन बंद पडत नाही, आणि तो रस्त्यावर एकटा दिसला तर आज भजन आहे की भिशी, हे नुसत्या त्याच्यावरून सांगता येत नाही.

आता एक तपशील, जो मला मूळ शोधापेक्षाही मोलाचा वाटतो. जेनिफर ॲनिस्टनच्या त्या पेशीची दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा ती तिच्याच मालिकेतील सहअभिनेत्री लिसा कुड्रो हिलाही प्रतिसाद देत असल्याचे आढळले. आणखी एक पेशी आयफेल टॉवर आणि पिसाचा कलता मनोरा या दोहोंना बोलत होती. म्हणजे पेशी जेव्हा एकाहून अधिक गोष्टींना उत्तर देते, तेव्हा त्या गोष्टी बरेचदा आपल्या मनात आधीच जवळ असलेल्या असतात. येथून दुसऱ्या प्रश्नाकडे वाट जाते: ही जवळीक पेशीत उतरते कशी आणि किती लवकर?

मॅटियास इसॉन, कियान किरोगा आणि फ्रीड यांनी २०१५ साली ‘न्यूरॉन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठीच रचला होता. आधी प्रत्येक रुग्णात अशी पेशी शोधली, जी एका व्यक्तीला प्रतिसाद देते पण एका ठरावीक स्थळाला देत नाही, किंवा याच्या उलट. मग ती व्यक्ती त्या स्थळी उभी आहे असे जोडचित्र दाखवून ‘कोण कुठे होते’ हे रुग्णाला शिकवले. त्यानंतर पुन्हा ती व्यक्ती वेगळी आणि ते स्थळ वेगळे दाखवले. केवळ व्यक्तीला बोलणाऱ्या पेशींपैकी बऱ्याच आता त्या स्थळालाही बोलू लागल्या होत्या. मात्र न जोडलेल्या इतर स्थळांना नाही. आणि हा बदल दहा-वीस वेळा घोकल्यावर नव्हे, तर मोजक्याच फेऱ्यांत, रुग्णाच्या तोंडून बरोबर उत्तर येऊ लागले त्याच सुमारास झाला.

प्रश्नकर्त्यांच्या प्रश्नाचे हृदय येथे आहे. ‘नातू काल चार वाजता आला, व्हरांड्यात बसला, चहात साखर नको म्हणाला’ ही आठवण म्हणजे नातू, व्हरांडा, चहा आणि कालची दुपार या स्वतंत्रपणे आधीच माहीत असलेल्या गोष्टींची एकदाच घडलेली नवी सांगड आहे. त्यासाठी वेगळी ‘कालची पेशी’ तयार होत नाही. नातवाच्या गटातील काही पेशी व्हरांड्याच्या गटात आणि व्हरांड्याच्या गटातील काही पेशी नातवाच्या गटात सामील होतात. दोन वर्तुळे एकमेकांवर थोडीशी सरकतात, इतकेच. पुढे व्हरांडा दिसला की त्या सामाईक पेशींच्या वाटेने नातू आठवतो. वर्तुळे फार सरकली तर दोन्ही गोष्टी एकच वाटू लागतील, म्हणून ही सरमिसळ थोडीच असावी लागते.

आठवण काढताना याच पेशी पुन्हा बोलतात का, हेही तपासले गेले आहे. २००८ साली हागार गेल्बार्ड-सागिव्ह आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना पाच-दहा सेकंदांच्या चित्रफिती दाखवल्या आणि काही वेळाने ‘जे आठवेल ते सांगा’ एवढेच म्हटले. समोर पडदा कोरा असताना, एखादी चित्रफीत पाहताना बोललेली पेशी पुन्हा बोलू लागायची, आणि त्यानंतर सेकंद-दीड सेकंदाने रुग्ण म्हणायचा, ‘हां, ती एक कार्टूनची होती.’ पेशीला आधी कळायचे, संशोधकाला नंतर.

तिसऱ्या प्रश्नावर मात्र सावधपणे बोलावे लागते. पेशीचा स्पंद एक सहस्रांश सेकंद टिकतो. प्रश्नकर्ते आजींसमोर नसतात तेव्हा त्यांच्याविषयीच्या बहुतेक पेशी गप्प असतात, तरीही आठवण नाहीशी होत नाही; म्हणजे ती स्पंदांत नव्हे, तर कोणत्या पेशीचा आवाज कोणत्या पेशीला किती जोराने ऐकू जावा, या जोडणीत ठेवलेली असणार. दोन पेशींमधील या जोडणीला चेतासंधी म्हणतात. डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली असा विचार मांडला, की एक पेशी दुसरीला वारंवार उद्दीपित करण्यात वाटा उचलत असेल, तर त्यांच्यातील जोडणी बळकट होते. १९७३ साली टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये हे प्रत्यक्ष दाखवले: चेतातंतूंना वेगाने उत्तेजना दिल्यावर जोडणीचा जोर वाढला आणि तो तासन्‌तास टिकला. त्यामागे एनएमडीए नावाचा ग्राही रेणू आहे. त्याच्या तोंडाशी मॅग्नेशियमचे बूच असते. पहिल्या पेशीकडून रासायनिक निरोप आला आणि त्याच क्षणी दुसरी पेशीही उद्दीपित असली, तरच ते बूच निघते, कॅल्शियम आत शिरते आणि जोडणी बळकट करण्याची कामे सुरू होतात. नुसता निरोप पुरत नाही, नुसते उद्दीपनही पुरत नाही. दोन्ही एका वेळी हवे. ‘नातू आणि व्हरांडा एकाच वेळी’ ही नोंद रेणूच्या पातळीवर घेणारी याहून चोख यंत्रणा मला माहीत नाही.

उंदरांमध्ये याच्याही पुढे जाता आले आहे. सुसुमु टोनेगावा यांच्या प्रयोगशाळेने २०१२ साली, भीतीचा अनुभव घेताना हिप्पोकॅम्पसमधील ज्या पेशी सक्रिय झाल्या त्यांना जनुकीय खूण केली आणि नंतर वेगळ्याच, निर्धोक खोलीत त्याच पेशी प्रकाशाने चेतवल्या. उंदीर भीतीने गोठून उभा राहिला. माणसात असे करणे शक्यही नाही आणि योग्यही नाही. त्यामुळे माणसाबाबत आपण एवढेच म्हणू शकतो, की आठवणीच्या वेळी या पेशी बोलतात. त्या बोलल्यामुळेच आठवण येते, हे एकेका पेशीच्या पातळीवर सिद्ध झालेले नाही. नोंदी अपस्माराच्या रुग्णांच्या आहेत, मूळच्या गप्प पेशी तारेला सापडतच नाहीत, आणि शंभर चित्रांत जे नव्हते त्याला ती पेशी बोलली असती का, हे कोणालाच कळत नाही. या मर्यादा प्रत्येक निष्कर्षासोबत धरूनच चालायचे.

आता आजींकडे येतो. संकल्पना पेशी चित्र दिसल्यानंतर साधारण ३०० सहस्रांश सेकंदांनी बोलतात. नुसता चेहरा ओळखायला एवढा वेळ लागत नाही. ते काम मेंदूच्या बाह्य पृष्ठभागावरील दृष्टिक्षेत्रांत त्याच्या खूपच आधी उरकलेले असते. यावरून असे दिसते, की या पेशी ओळखण्यासाठी नसून, ओळखलेल्या माणसाला आजच्या प्रसंगात गुंफण्यासाठी आहेत. याचा सर्वांत बोलका आधार हेन्री मोलेसन या रुग्णाचा. फिट्स थांबवण्यासाठी १९५३ साली त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढून टाकला गेला. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. आईवडील, बालपण, भाषा हे सारे त्याच्याकडे होते, पण खोलीत नुकतीच येऊन गेलेली व्यक्ती तो पुढच्या भेटीत अनोळखी समजे. २००८ साली त्याचा मृत्यू होईपर्यंत नव्या प्रसंगांच्या बाबतीत हे असेच राहिले.

माझ्या स्वतःच्या रुग्णांत इतकी टोकाची अवस्था मी पाहिलेली नाही, कारण आता दोन्ही बाजूंची अशी शस्त्रक्रिया कोणी करत नाही. एका बाजूची केल्यावर काय बिघडेल, हेही कोणती बाजू, रुग्णाचे वय आणि ती बाजू आधीच किती निकामी झाली होती यांवर अवलंबून असते. डाव्या बाजूची शस्त्रक्रिया झालेले एक शिक्षक सहा महिन्यांनी तपासणीला आले तेव्हा म्हणाले, ‘डॉक्टर, पोरगं समोर उभं राहिलं की कुठल्या बाकावरचं, कोणाचं, गणितात कच्चं की पक्कं, सगळं येतं. नावच तेवढं येत नाही.’ फिट्स थांबल्या होत्या, म्हणून ते खूश होते. हजेरी मात्र पट समोर धरूनच घेत होते. व्यक्ती, तिचे नाव आणि तिच्याबरोबर घडलेला प्रसंग हे मेंदूत वेगवेगळे धागे आहेत आणि ते वेगवेगळे तुटू शकतात, हे पुस्तकापेक्षा त्या हजेरीपटाने मला नीट शिकवले.

तेव्हा आजींच्या बाबतीत ‘नातवाची पेशी शाबूत, कालची मेली’ असे नाही. नातू ही अनेक वर्षांची, मेंदूच्या बाह्य भागांत दूरवर पसरलेली ओळख आहे. काल ही नव्याने घालायची सांगड होती आणि ती बहुधा नीट घातलीच गेली नाही. अल्झायमर असेल, तर हिप्पोकॅम्पसकडे माहिती पोचवणाऱ्या एन्टोरायनल भागाच्या दुसऱ्या थरातील निम्म्याहून अधिक पेशी अगदी सौम्य अवस्थेतच गेलेल्या असू शकतात. परंतु आजींना अल्झायमरच आहे असे मी येथून म्हणणार नाही, आणि प्रश्नकर्त्यांनीही परस्पर ठरवू नये. बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा मंदपणा, नैराश्य, कमी ऐकू येणे आणि झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या यांमुळेही असेच विस्मरण दिसते, आणि यांपैकी बहुतेकांवर उपाय आहे.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी घरी एक गोष्ट करून पाहता येईल. तिने निदान होत नाही, पण डॉक्टरांना सांगण्यासारखे काही हाती लागते. आजींना ‘वांगे, टांगा, हिरवा’ असे तीन शब्द सांगावेत, ते त्यांच्याकडून म्हणवून घ्यावेत, पाच मिनिटे दुसऱ्याच गप्पा माराव्यात आणि मग विचारावे. नाही आठवले, तर ‘एक भाजी होती, एक वाहन होते, एक रंग होता’ असा इशारा द्यावा. इशारा देताच शब्द येत असतील, तर नोंद झालेली आहे, ती बाहेर काढताना अडचण येते आहे. नैराश्यात किंवा मेंदूचा एकूण वेग मंदावला असेल तेव्हा असे बरेचदा दिसते. इशारा देऊनही त्या ‘तुम्ही मला शब्द कधी सांगितले?’ असे विचारत असतील, तर सांगड घालण्याच्या जागीच काम अडले आहे. यांपैकी काय झाले, ते कागदावर तारखेसह लिहून तपासणीला सोबत न्यावे, आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटेही न्यावीत.